नियम अकरा आणि मारोतीचे रोडगे

आमच्या गल्लीत नवीन माणूस आला की तो आधी आशाबाईच्या तावडीत सापडतो. गल्लीच्या तोंडाशीच तिचं फुलांचं दुकान आहे, त्यामुळे तिला चुकवून आत शिरायची सोय नाही. विजेचं मीटर वाचणारा असो, कुरिअरवाला असो की मतदार यादी तपासायला आलेली मास्तरीण असो, आशाबाईचा पहिला प्रश्न एकच. "जेवले का?" हो म्हटलं तर "मंग थोडंसं खा" आणि नाही म्हटलं तर विचारायलाच नको. एकदा कोर्टाचा बेलीफ तिच्याच घराच्या हद्दीच्या भांडणाची नोटीस घेऊन आला. तिने त्याला आधी पिठलं-भाकर खाऊ घातली, वर लोणचं बांधून दिलं, आणि मग विचारलं, "काय आणलं बाप्पा तुमी?" तो बिचारा नोटीस देताना इतका शरमला की सही कुठे घ्यायची तेच विसरला.

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. सहदेव टाले माझं नाव, रेल्वेत गार्ड होतो, बडनेऱ्याला. सगळी नोकरी नियमाच्या पुस्तकावर काढली. सिग्नल नसेल तर गाडीत मंत्री बसला असला तरी गाडी हलत नाही, हे मला फार आवडायचं. अजूनही आवडतं. त्यामुळे माझं आणि आशाबाईचं खरं तर जमायला नको होतं, कारण नियम म्हणजे दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेली गोष्ट, असं तिचं मत आहे. पण माझ्या बायकोच्या दुखण्यात या बाईने दोन्ही वेळचा डबा न सांगता पोचवला आणि डबा परत नेताना एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिच्यावर चिडायचा माझा हक्क तेव्हाच संपला. तरी मी चिडतो.

तिचं माहेर पातूरचं. बापाचा शेवंतीचा आणि वांग्यांचा मळा. लग्न होऊन अमरावतीला आली ती गोवर्धनभाऊंच्या दुकानात. गोवर्धनभाऊ दिवसभर मान खाली घालून हार गुंफायचे आणि त्यांच्या वाट्याचंही आशाबाईच बोलायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. पुढे भाऊंच्या छातीत खोकला बसला. दुकानाला लागून असलेल्या फुलबाजारात संध्याकाळी सुकलेला माल, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळ्या, सगळं एका ढिगात जाळायची पद्धत होती आणि तो धूर थेट दुकानात यायचा. भाऊ गेले. आशाबाईने वर्षभर कोणाला "जेवले का" विचारलं नाही, तेव्हा गल्लीला कळलं की आपण या प्रश्नावर किती जगतो ते.

मग करिश्मा आली. आशाबाईच्या भावाची मुलगी. अकोल्याला इंजिनिअरिंग केलं आणि "आत्या, दोन महिने राहते" म्हणत वरच्या खोलीत वायरी पसरून बसली. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. ती आल्यापासून आशाबाईच्या दुकानातली कळा बदलली. पोरगी खाली उतरली की म्हातारी उगाच हसायची. मी विचारलं, "काय झालं हसायले?" तर म्हणायची, "काई नाई, घरात कोणीतरी चप्पल फेकून राह्यलं आता."

करिश्माने जे यंत्र बनवलं त्याला तिने कंपनीत एक भारदस्त नाव दिलं आहे. गल्लीत त्याला "नाक" म्हणतात. पांढरा डबा, टिफिनएवढा. रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर बसवायचा. कुठे कचरा पेटला, धूर झाला की डब्याला वास लागतो आणि करिश्माच्या मोबाईलवर आणि महापालिकेच्या नियंत्रण कक्षात घंटी वाजते की अमुक खांबाजवळ, अमुक बाजूला पेटलं आहे. मग गाडी येते, विझवते, पेटवणाऱ्याच्या हातात दंडाची पावती ठेवते. पहिलं नाक तिने आत्याच्या दुकानासमोर लावलं तेव्हा खांबाला हळदकुंकू कोणी वाहिलं हे सांगायला नको.

मग एकेक करत गल्लीच्या बाकीच्या खांबांवरही नाकं बसली. यंत्र चांगलं होतं, पण गल्ली आमची होती. घंटी वाजली की आशाबाई करिश्माच्या खांद्यावरून मोबाईल वाचायची आणि ताबडतोब पेटवणाऱ्याला फोन लावायची. "अवो शालू, विझव लवकर, गाडी येऊन राह्यली!" गाडी येईपर्यंत तिथे ओली राख आणि निष्पाप चेहरे. धूर थांबला हे खरं, पण दंड एकालाही झाला नाही. करिश्मा डोक्याला हात लावायची. "आत्या, तू माह्या यंत्राची दुश्मन हाय." आशाबाई म्हणायची, "विझलं ना? मंग झालं."

अशात ती अनुदानाची योजना निघाली. स्मार्ट शहरांसाठी तंत्रज्ञान तयार करणाऱ्या नव्या कंपन्यांना पैसे मिळणार होते. करिश्माने अर्ज केला, अकोल्याला जाऊन मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून आली, आणि पहिल्या फेरीत पास झाली. आता समिती प्रत्यक्ष जागेवर चाचणी बघायला येणार होती. इकडे तिची साठवण संपली होती आणि हैदराबादच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. करिश्माने आत्याला सरळच सांगितलं, "अनुदान भेटलं तर राह्यते. नाई तर जाते."  त्या दिवशी आशाबाईने गुंफलेला एक हार निम्मा सैल आणि निम्मा घट्ट निघाला.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. गल्लीने ते माझ्याकडे सोपवलं. मारोतीच्या पारावर बसून मी ते मराठीत करून मोठ्याने वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर इतकी चांगली संध्याकाळ मला मिळाली नव्हती. काय सुरेख पुस्तक होतं! अनुदान तीन हप्त्यांत. एका टप्प्याचं काम दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्या पैशातून मोटार, फर्निचर, जेवणावळी काही करायचं नाही. नियम आठ: यंत्राच्या सूचनेवरून शहराच्या संस्थेने खरोखर कारवाई केली, असा निदान एक तरी पुरावा पाहिजे. इथे करिश्माने आत्याकडे पाहिलं आणि आत्याने आभाळाकडे. नियम नऊ: अनुदान घेणाऱ्या कंपनीने तीन वर्षं याच विभागात राहिलं पाहिजे.

"थांबा," आशाबाई म्हणाली. "थो नियम पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचला.

"म्हंजे पैसे घेतले का पोट्टीले तीन वर्षं कुठी जाता येत नाई?"

"कंपनीला."

"थेच थे." तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू तो नियम तिनेच मंत्रालयात जाऊन लिहून घेतला होता.

नियम दहा: चाचणीच्या दिवशी अर्जदाराने मुद्दाम धूर करून दाखवायचा नाही. जे रोजचं असेल तेच समिती बघणार. आणि नियम अकरा. हा मी मुद्दाम सावकाश वाचला. अर्जदाराने स्वतः किंवा नातेवाइकांमार्फत समितीच्या सदस्यांना भेटवस्तू, जेवण किंवा कसलाही पाहुणचार देऊ नये. दिल्यास अर्ज रद्द होऊ शकतो.

पारावरच्या सगळ्यांनी आशाबाईकडे पाहिलं.

"च्या?" आशाबाईने विचारलं.

"चहासुद्धा नाही."

"पाणी?"

"पाणी त्यांचं ते आणतील."

"ह्या कोण्या घरच्या लोकाईचा नियम हाय व? माणूस दारात येईन आन् त्याले पाणी इचारायचं नाई?"

"आशाबाई," मी पुस्तक मिटून म्हणालो, "नातेवाइकांमार्फत असं स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही तिच्या आत्या. तुम्ही नातेवाईक. तुम्ही त्या दिवशी कोणाला फुटाणासुद्धा द्यायचा नाही. समजलं?"

"समजलं ना. मी काय अडाणी हाओ?" ती म्हणाली आणि मारोतीकडे बघत बसली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ही बाई इतक्या लवकर काही ऐकत नाही.

चाचणीच्या सकाळी समितीची तीन माणसं आली. एक टक्कल असलेले गृहस्थ थेट नियंत्रण कक्षात जाऊन बसले. एक तरुण लॅपटॉप घेऊन गल्लीत. आणि प्रमुख होत्या साधना मॅडम. सुती साडी, पायात पांढरे बूट, खांद्याला पाण्याची स्टीलची बाटली. शुद्ध, इस्त्री केलेली भाषा. "आम्ही फक्त निरीक्षण करू. कृपया आपापली कामं नेहमीप्रमाणे चालू ठेवा."

मला त्या बाई एकदम पसंत पडल्या. यांना गार्डाची नोकरी दिली असती तर गाड्या वेळेवर धावल्या असत्या.

आशाबाई दुकानात होती. समिती समोरून गेली, तिने नमस्कार केला, आणि काही म्हणजे काहीच विचारलं नाही. ओठ घट्ट मिटलेले. मी मनात तिची पाठ थोपटली. थोड्या वेळाने पाहिलं तर दुकानात तिची शेजारीण शालू बसलेली. "आशाबाई?" "देवळात गेल्या," शालू म्हणाली आणि भलत्याच लक्ष देऊन पाकळ्या निवडू लागली.

अडचण वेगळीच निघाली. गल्लीत काहीच पेटत नव्हतं. आशाबाईने आठवडाभर घरोघर सांगून ठेवलं होतं की पोरीची परीक्षा आहे, कोणी काडी लावायची नाही. इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवले नाहीत. चहावाला गॅसवर आला. फुलबाजारातला ढीग पोत्यात भरून ठेवलेला. लोकांनी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली नाही. गल्ली इतकी निर्मळ दिसत होती की मीच ओळखली नाही.

दुपार व्हायला आली. लॅपटॉपवर सरळ रेघ. साधना मॅडमनी घड्याळ पाहिलं. "तुमच्या भागात कधीच काही जळत नाही का?"

"जळतं, मॅडम," करिश्मा म्हणाली. "रोज जळतं."

"मग आज? हे बघा, नोंद झाली नाही तर चाचणी अपुरी राहील. पुढची तारीख तीन महिन्यांनी."

तीन महिन्यांनी. हैदराबादला उत्तर द्यायला आठवडासुद्धा उरला नव्हता. करिश्माने ओढणीने कपाळ पुसलं. माझ्या खिशात काडीपेटी होती. समोर कोपऱ्यात वाळका पाचोळा होता. उभ्या आयुष्यात मी नियम मोडला नाही, पण त्या दिवशी माझा हात दोनदा खिशात जाऊन आला, हे मी कबूल करतो. दुसऱ्यांदा करिश्माने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. मी हात बाहेर काढला.

आणि घंटी वाजली.

आधी करिश्माच्या मोबाईलवर, मग मॅडमच्या फोनवर नियंत्रण कक्षातून. करिश्मा किंचाळली. "खांब चार! धूर! मंदिराची मागची बाजू!" मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण मंदिराजवळ तर खांब तीन हाय. थो काहून गप्प हाय?"

आम्ही सगळे निघालो. मी धावत नाही, पण त्या दिवशी जवळजवळ धावलो. देवळाच्या वळणावर मला वास आला. तो कचऱ्याचा वास नव्हता. गोवऱ्यांचा होता. आणि त्यात भाजलेल्या कणकेचा, लसणाचा, वांग्याच्या झणझणीत भाजीचा.

देवळामागे मोकळ्या जागेत गोवऱ्यांची भली मोठी आर पेटली होती. निखाऱ्यांत कणकेचे जाड गोळे, मारोतीचे रोडगे, भाजत होते. बाजूला तीन दगडांवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवलेला, त्यात अर्धी गल्ली जेवेल इतकी वांग्याची भाजी रटरटत होती. गल्लीतल्या यच्चयावत बायका कणीक मळत, वरण ढवळत, पत्रावळी पुसत बसल्या होत्या. मधोमध आशाबाई, पदर खोचलेला, हातात चिमटा. आम्हाला बघून तिचा चिमटा हातातच राहिला.

आणि खांब तीनवरच्या नाकाला कोणीतरी ओलं पोतं गुंडाळून वर सुतळीने गाठ मारली होती. गाठ हारवाल्याची होती.

तेवढ्यात महापालिकेची गाडी आली. स्वच्छता निरीक्षक मोतीराम उतरला, मागून पाण्याचा पाईप घेतलेला माणूस. आशाबाई आरीच्या पुढे आडवी झाली. "पाणी मारसान तर माह्या अंगावर मारा. देवाचे रोडगे हायेत!"

"हे कोणी केलं?" साधना मॅडमनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "आणि कोणासाठी?"

आशाबाईने मारोतीच्या कळसाकडे पाहिलं. देवळाच्या सावलीत उभं राहून खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "मी केलं. तुमच्यासाठी."

करिश्माने डोळे मिटले.

"म्हंजे तसं मारोतीसाठी," आशाबाई घाईने म्हणाली. "मी नवस बोलली होती. समिती आली का त्याच दिवशी रोडगे घालीन म्हून. आता तुमी आज आल्या तर मी काय करू? नवस काय पुढं ढकलता येते? आन् नियमात लिहून हाय का नातेवाइकांनं जेवू घालायचं नाई. सहदेवभाऊनंच वाचून दाखवलं. मारोती काई आमच्या करिश्माचा नातेवाईक नाई. देवाची पंगत हाय, तिथं कोणीबी बसते."

लॅपटॉपवाला तरुण खाली बघून खोकला. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मॅडमनी वर खांबाकडे बोट केलं. "आणि ते पोतं?"

"थे..." आशाबाईचा आवाज बारीक झाला. "नाकाले समजलं असतं ना, बाई. पोट्टीच्या मोबाईलवर घंटी वाजली असती. तिले काई माईत नाई, तिची शपथ. तिले माईत असतं तर तिनं मले आर पेटवूच दिली नसती. म्हून मी त्याचं तोंड बांधलं. पण थ्या चौथ्या खांबानं चाहाडी केली."

मॅडम बराच वेळ पोत्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तरुणाला सांगितलं, "एक सेन्सर झाकलेला. तरी दुसऱ्याने धूर पकडला आणि दिशाही बरोबर दाखवली. लिहा."

मोतीराम पावतीपुस्तक हातात घेऊन उभा होता आणि घामाघूम झाला होता. या माणसाने आशाबाईच्या हातचं किती खाल्लं आहे ते मी पाहिलं आहे. "आशाबाई, तुमीच काय व," तो पुटपुटला. "उघड्यावर आर, मले तर... पण देवाचं हाय, जाऊ द्या. विझवतो अन् जातो."

"मोतीरामभाऊ." करिश्मा पुढे झाली.  "पावती फाडा."

"अवो पण तुही आत्या..."

"धूर आत्याचा असला तरी धूरच हाय. गोवर्धन फुफाजी धुरानंच गेले. आज आत्याले सोडलं तर उद्या मी कोणाले सांगू? फाडा पावती."

 गंजातली भाजी रटरटत होती. मला वाटलं, आता म्हातारी कोसळणार. पोरीला इथेच ठेवायला नवस बोलली, आणि पोरीने चारचौघांत तिलाच दंड लावला. आशाबाईने करिश्माकडे पाहिलं. हळूहळू तिचा चेहरा असा फुलला की मी तो गोवर्धनभाऊंच्या वेळेनंतर पाहिला नव्हता.

"पाह्यलं?" ती मॅडमना म्हणाली. "पोट्टी कशी हाय माही! फाड रे मोतीराम, फाड. मोठ्या अक्षरात नाव लिही."

मोतीरामने पावती फाडली. ती आशाबाईच्या हातात पडली तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. नियम आठ! यंत्राच्या सूचनेवरून शहराने केलेली प्रत्यक्ष कारवाई. आजवर आशाबाईने होऊ दिली नव्हती, ती तिच्याच नावावर झाली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पावतीचा फोटो काढत होत्या.

आता राहिला नियम अकरा. रोडगे भाजून झाले होते, आर विझवली. आशाबाई पत्रावळ घेऊन मॅडमसमोर आली. रोडगा फोडलेला, त्यात तुपाची धार, भाजीवर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. "बाई, एक घास. देवाचा म्हून."

मॅडमनी त्या पत्रावळीकडे पाहिलं. जितका वेळ पोत्याकडे पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ पाहिलं. "वांगी कुठली?"

"पातूरची. माह्या भावाच्या मळ्यातली."

"नाही, आत्या," त्या म्हणाल्या. "मला नाही चालत. आणि जे झालं ते मी सगळं लिहिणार आहे. जेवण देऊ केलं हेही." त्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि तरुणाला घेऊन निघून गेल्या.

आशाबाई तिथेच खाली बसली. अर्ज गेला की राहिला यापेक्षा तिला वेगळंच लागलं होतं. "मारोतीच्या दारातून पाहुणा उपाशी गेला, सहदेवभाऊ. असं माह्या हातून कधी झालं नाई." आणि ती लहान पोरीसारखी रडली. करिश्मा शेजारी येऊन बसली. तिने तीच पत्रावळ पुढे ओढली, रोडग्याचा मोठा तुकडा भाजीत बुडवून तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "वेडी हाय तू, आत्या. पोतं काय बांधलं!" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मोतीराम आणि पाईपवाला समितीत नव्हते. ते भरपेट जेवले. मीही जेवलो. चिडून जेवलो, पण तीन रोडगे खाल्ले.

महिना संपायच्या दोन दिवस आधी निकाल आला. करिश्माने मोबाईल माझ्या हातात दिला. स्वतः वाचायची तिची छाती होईना. मी पारावर उभा राहून, गाडी सुटताना झेंडी धरायचो तशा ताठ मानेने वाचलं. अनुदान मंजूर. समितीने लिहिलं होतं की चाचणी निष्फळ करण्याचा स्थानिक प्रयत्न होऊनही यंत्राने अचूक काम केलं, आणि अर्जदाराने जवळच्या नातेवाइकावरही कारवाईचा आग्रह धरला, याची समिती विशेष नोंद घेते. पाहुणचार देऊ करण्यात आला; तो स्वीकारला नाही; अर्जदाराला त्याची माहिती नव्हती. शेवटची ओळ अशी: अर्जदाराच्या आत्याला योग्य ती समज देण्यात यावी.

"काय लिहून हाय माह्याबद्दल?" आशाबाईने विचारलं.

"तुम्हाला समज द्या म्हणतात."

"मले समज? देऊन पाह्य म्हना," ती म्हणाली आणि पेढ्यांचा डबा उघडला. गल्लीत त्या दिवशी जो आवाज झाला त्याची तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार करणारेच नाचत होते. दंडाची पावती आशाबाईने काचेत बसवून दुकानात गोवर्धनभाऊंच्या फोटोखाली लावली आहे. गिऱ्हाईक आलं की दाखवते. करिश्माने हैदराबादला नम्र नकार कळवला.

पण आशाबाईच्या मनात ते राहिलंच होतं. नवस अर्धा राहिला म्हणायची. मारोतीपुढून जाताना मान वर करायची नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. साधना मॅडम उतरल्या. हातात ना फाईल, ना खांद्याला बाटली. आशाबाई हार गुंफत होती, ती तशीच उभी राहिली. तोंडात प्रश्न आला होता, पण तिने तो गिळला. नियम अकरा तिला आता पाठ होता.

"इचारा ना," मॅडम म्हणाल्या. "काहून गप्प बसल्या? समितीतली मुदत संपली माही. आता मी कोणाचीच साहेब नाई."

आम्ही सगळे बघतच राहिलो. इस्त्रीची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"मी तेल्हाऱ्याची हाओ, आत्या. माही माय अशीच शेतात आर लावायची. त्या दिवशी तुमच्या पत्रावळीपासून मी कशी उठून गेली थे मलेच माईत. घरी जाऊन ब्रेड खाल्ला."

"जेवल्या का?" आशाबाईने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"नाई."

या वेळी परवानगी काढली. मोतीरामने स्वतः कागद आणून दिला, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवल्या, आणि पोतं कुठेही दिसणार नाही याची मी जातीने खात्री केली. आर पेटली तशी खांब तीनची आणि खांब चारची घंटी एकदम वाजली, आणि पंगतीत बसलेल्यांनी टाळ्या पिटल्या. पहिला रोडगा मारोतीला गेला. दुसरा साधनाताईंच्या पत्रावळीवर. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आशाबाई तुपाचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाई, एक इचारू?"

"इचारा."

"थो नऊ नंबरचा नियम हाय ना. तीन वर्षं कंपनी इथंच राह्यली पाह्यजे म्हून. तुमची वळख असन तिथं कोणाशी. थो जरा वाढवून पाच वर्षाचा नाई करता येत का?"

साधनाताई हसू लागल्या, पण आशाबाई हसत नव्हती. पलीकडे करिश्मा वरण वाढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आत्या, तीन वर्षाचा नियम सरकारचा हाय," ती म्हणाली. "माहा नाई. मी काई कुठी जाऊन नाई राह्यली."

आशाबाईच्या हातातली तुपाची धार थांबायची विसरली. साधनाताईंच्या पत्रावळीतून तूप वाहून जमिनीवर आलं तरी ती ओततच होती, आणि कोणी तिला थांबवलं नाही.